व्यापारी बांधकामाची संघटना: पाठपुरावा, कार्यक्रम आणि मदतकार्य कसं करावं

एका संघटनेच्या सचिवांचं पत्र आलंय. त्यातला प्रश्न थोडक्यात असा आहे. एका मध्यम शहरात ऑफिसं, दुकानं आणि गोदामं बांधून विकणाऱ्या किंवा भाड्याने देणाऱ्या मंडळींनी संघटना काढली. नोंदणी झाली, कार्यकारिणी बसली आणि लगेच दोन गट पडले. एक म्हणतो, मोठं प्रदर्शन भरवू, म्हणजे नाव होईल. दुसरा म्हणतो, समाजकार्य करू, प्रशासन खूश राहील. सरकारदरबारी पाठपुरावा कसा करायचा याची दोघांनाही कल्पना नाही. वर्गणी कशी ठेवावी हेही पत्रात आहे, आणि शेवटी सचिवांनी विचारलंय, ‘आमच्यासारख्या लहान संघटनेचं मुंबईत कोण ऐकतं?’

मी बरीच वर्षं अशा संघटनांचं कायद्याचं आणि धोरणाचं काम पाहतो आहे, म्हणून शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. मुंबईत ऐकतात. तुमचे सभासद किती आहेत हे फारसं कोणी विचारत नाही. तुम्ही दिलेला कागद कक्ष अधिकाऱ्याला टिपणी लिहिताना वापरता येतो का, यावर बरंच ठरतं. मंत्र्यांना पुष्पगुच्छ देऊन, फोटो काढून दिलेलं निवेदन ‘तपासून सादर करावे’ असा शेरा घेऊन खालीच येतं आणि शेवटी कुठल्यातरी कार्यासनावर, म्हणजे मंत्रालयातल्या एका टेबलावर, पोचतं. तिथल्या माणसाला नियम कुठला, त्यातला कुठला शब्द अडचणीचा आहे, त्याऐवजी काय हवं आणि तिजोरीवर काय परिणाम होईल, एवढं कळायला हवं. ते कागदात नसेल तर तो फाइल कशी चालवणार?

माझ्यासमोर आलेल्या बहुतेक निवेदनांत असलं वाक्य असतं: ‘व्यापारी इमारतींवरील जाचक अटी तातडीने रद्द करून व्यावसायिकांना दिलासा द्यावा, ही नम्र विनंती.’ यातून अधिकाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी एकाच पानावर चार परिच्छेद लिहा. पहिल्यात नियम क्रमांक आणि सध्याची शब्दरचना जशीच्या तशी. दुसऱ्यात तुम्हाला हवी असलेली शब्दरचना, तीही सरकारी मराठीत, म्हणजे उचलून टिपणीत टाकता येईल. तिसऱ्यात तुमच्याच शहरातल्या दोन-तीन इमारतींची मापं, नकाशासह. चौथ्यात महसुलाचा हिशेब आणि या बदलाचा फायदा संघटनेबाहेरच्या कोणाला होणार आहे ते. हा चौथा परिच्छेद लिहिता येत नसेल, तर ती मागणी अजून न्यायच्या लायकीची झालेली नाही असं समजा आणि घरी परत बसा.

आणखी एक गोष्ट नव्या कार्यकारिणीच्या लक्षात येत नाही. आपल्या व्यवसायाला ज्या कायद्यांची झळ लागते, त्यांतले बरेचसे विधानसभेत चर्चेला येतच नाहीत. ते नियम, अधिसूचना आणि शासन निर्णयांतून येतात. विकास नियंत्रण नियमावलीत राज्य सरकारला फेरबदल करायचा असेल, तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना (एमआरटीपी) कायदा, १९६६ च्या कलम ३७ (१कक) खाली राजपत्रात सूचना निघते आणि हरकती-सूचनांसाठी महिनाभराची मुदत मिळते. नगररचना विभागाचा अधिकारी सुनावणी घेतो. महिना फार लवकर संपतो. मुदत टळल्यावर दिलेलं निवेदन ही विनंती ठरते, मुदतीत दिलेली हरकत नोंदीवर येते आणि तिचा विचार करावाच लागतो. तेव्हा राजपत्र आणि नगरविकास विभागाचं संकेतस्थळ रोज उघडून पाहील असा एक माणूस पगारावर ठेवा. प्रदर्शनाच्या मांडवापेक्षा तो स्वस्त पडतो.

राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर, २ डिसेंबर २०२० ला मंजूर झाली. मुंबई आणि काही विशिष्ट क्षेत्रं सोडून ती राज्यभर लागू आहे. एफएसआय म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात मिळणारं बांधकाम. या नियमावलीत पूरक एफएसआयचं प्रमाण निवासी वापराला ६० टक्के आणि अनिवासी वापराला ८० टक्के आहे. हा फरक तुमच्या सभासदांना तोंडपाठ हवा. ऑफिसच्या इमारतीत जिने, लॉबी, लिफ्ट, स्वच्छतागृहं, वातानुकूलनाच्या खोल्या यांना घरांपेक्षा जास्त जागा जाते. ही गोष्ट बैठकीत आवाज चढवून पटत नाही, मजल्याचा नकाशा टेबलावर पसरून मोजून दाखवावी लागते. गोदामांच्या बाबतीत तुमचे आकडे पुन्हा वेगळे येतील, तेव्हा तेही आत्ताच जमवायला लागा.

आता दोन प्रकरणं जरा सविस्तर सांगतो, कारण त्यांत या कामाचं सगळं मर्म आहे.

पहिलं भुवनेश्वरच्या एका मॉलचं. सफारी रिट्रीट्स या कंपनीने मॉल बांधला. बांधकामाच्या मालावर आणि कंत्राटदारांच्या सेवांवर जीएसटी भरला. गाळे भाड्याने दिले, त्या भाड्यावरही जीएसटी लागला. मग आधी भरलेला ३४ कोटींहून अधिक कर भाड्यावरच्या करातून वजा करून द्या, अशी वजावट तिने मागितली. केंद्रीय जीएसटी कायद्याचं कलम १७(५)(घ) इमारतीच्या बांधकामाला ती नाकारत होतं, अपवाद फक्त ‘प्लांट ऑर मशिनरी’चा. ओडिशा उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कंपनीच्या बाजूने निकाल दिला. ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती अभय ओक आणि संजय करोल यांच्या खंडपीठाने, कलम वैध ठरवलं. पण त्यातले शब्द ‘प्लांट ऑर मशिनरी’ असे आहेत आणि भाड्याने द्यायची इमारत तिच्या वापरानुसार ‘प्लांट’ ठरू शकते, हे प्रत्येक प्रकरणात तपासावं असं सांगितलं. भाड्याने देणाऱ्या सगळ्या मालकांना हायसं वाटलं. डिसेंबरमध्ये जैसलमेरला जीएसटी परिषदेची ५५ वी बैठक झाली. तिने शिफारस केली की ‘ऑर’ च्या जागी ‘अँड’ करावं, तेही १ जुलै २०१७ पासून, म्हणजे पूर्वलक्षी प्रभावाने. २०२५ च्या वित्त कायद्याने तसं केलंही. कित्येक वर्षं लढून उघडलेला दरवाजा सहा महिन्यांच्या आत एका शब्दाने बंद झाला.

मला यातून कळलं ते असं. ज्या निकालाने तिजोरीला खिंडार पडतं, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून खरं काम सुरू होतं. त्या दिवशी पेढे वाटण्याऐवजी अर्थ खात्याच्या हातात पर्याय द्यायला हवा: वजावट सगळी एकदम नको, भाड्याच्या वर्षांत विभागून द्या, किंवा ठरावीक तारखेनंतरच्या बांधकामाला द्या. सरकारला पूर्ण नकार किंवा पूर्ण होकार एवढेच दोन रस्ते दिसले, तर ते कुठला धरणार हे सांगायला नको. असा पर्याय स्वीकारला गेलाच असता असं मी म्हणत नाही. पण राज्याचे अर्थमंत्री किंवा राज्याने नेमलेले दुसरे मंत्री परिषदेत बसतात आणि त्यांच्यापर्यंत पोचणं तुमच्या शहरातूनही शक्य असतं. तुमच्या आमदारांना कलमाचा क्रमांक सांगता आला पाहिजे, एवढंच.

दुसरं प्रकरण उलट्या बाजूचं. आयटी सेझमधल्या, म्हणजे करसवलत असलेल्या विशेष आर्थिक क्षेत्रांतल्या, इमारतींत नव्या कंपन्यांना मिळणारी आयकर सवलत २०२० मध्ये थांबली. मजले रिकामे पडू लागले आणि सेझबाहेरच्या कंपन्यांना ते देता येईनात, कारण सेझमधून मोकळं करायचं तर सलग क्षेत्र करावं लागे, एखादाच मजला वगळता येत नव्हता. पुण्यात खराडी-हिंजवडीकडे ही अडचण रोजची होती. उद्योगाने मागणी नीट बांधली: त्या मजल्यापुरती मिळालेली करसवलत परत भरतो, मजला वगळा. सरकारचा तोटा नाही, रिकाम्या जागेत रोजगार येतो. ६ डिसेंबर २०२३ ला सेझ नियमांत ११ ब हा नियम आला आणि मजलानिहाय वगळणूक शक्य झाली. ठरावीक क्षेत्र सेझमध्येच राहिलं पाहिजे अशी अट आहे, ती योग्यच आहे.

महाराष्ट्रातलं उदाहरण हवं असेल तर जानेवारी २०२१ पाहा. करोनाच्या मंदीत राज्याने बांधकामावरचे प्रीमियम, म्हणजे परवानगीपोटी भरायच्या जादा रकमा, वर्षअखेरपर्यंत ५० टक्क्यांनी कमी केले, पण लाभ घेणाऱ्या विकासकाने ग्राहकाचं मुद्रांक शुल्क स्वतः भरावं अशी अट घातली. ग्राहकाला काय मिळालं हे जीआरमध्येच लिहिलेलं होतं, म्हणून सरकारला तो निर्णय लोकांसमोर मांडता आला. तुमची मागणीही अशीच देवाणघेवाणीसकट न्या. त्यांनी अट घालायच्या आत तुम्हीच ती सुचवा.

इथे जरा कडक बोलतो. पाठपुराव्याच्या नावाखाली सभासदांकडून रोख वर्गणी गोळा करणाऱ्या संघटना असतात. त्या वाटेला जाऊ नका. २०१८ च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात लाच देणाराही गुन्हेगार आहे आणि व्यावसायिक संस्थेसाठी वेगळं कलम आहे. राजकीय पक्षाच्या स्मरणिकेत कंपनीने दिलेली जाहिरात ही कंपनी कायद्याच्या कलम १८२ नुसार राजकीय देणगीच धरली जाते. तिला संचालक मंडळाचा ठराव लागतो आणि हिशेबात ती दाखवावी लागते. ‘जाहिरातच तर आहे’ असं म्हणून सही करणारे सभासद मी पाहिले आहेत. त्यांना हे कलम छापून द्या.

स्पर्धा कायद्याबद्दलही सांगायलाच हवं. बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडिया ही १९४१ पासूनची संघटना. तिच्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने जून २०१२ मध्ये ११ सिमेंट कंपन्यांना मिळून ६,००० कोटींहून अधिक दंड ठोठावला. प्रकरण अपिलात गेलं, फेरसुनावणी झाली आणि २०१६ मध्ये आयोगाने पुन्हा दंड केला. आपल्या क्षेत्राच्या संघटनेने पुरावे गोळा करून काय साधता येतं, याचं हे मोठं उदाहरण आहे. पण त्याच आदेशात सिमेंट उत्पादकांच्या संघटनेलाही दंड झाला, कारण एकमेकांच्या किमती आणि उत्पादनाची माहिती तिच्या व्यासपीठावरून फिरत होती. स्पर्धा कायद्याच्या कलम ३ मध्ये संघटनेचा निर्णयही येतो. म्हणून तुमच्या सभेत ‘अमुक रस्त्यावर चौरस फुटाला इतक्याच्या खाली कोणी गाळा देऊ नये’ असं कोणी बोललं, तर अध्यक्षांनी तिथेच थांबवावं आणि थांबवल्याची नोंद इतिवृत्तात घ्यावी. व्हॉट्सॲप ग्रुपवरही तोच नियम.

कार्यक्रमांकडे येतो. घरांची प्रदर्शनं चालतात, कारण कुटुंब रविवारी फिरायला म्हणून येतं आणि फ्लॅट पाहून जातं. ऑफिसचा भाडेकरू असा येत नाही. त्याचा प्रशासन प्रमुख सल्लागाराकरवी जागा शोधतो, गोदामवाल्याला ट्रक वळायला किती जागा आहे ते बघायचं असतं. म्हणून व्यापारी मालमत्तेच्या संघटनेने मांडवावर पैसे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. त्याऐवजी दर महिन्याला एका सभासदाच्या इमारतीत सकाळी दोन तास जमा. ज्याची इमारत, त्याने आपले प्रश्न मोकळेपणाने सांगायचे: पार्किंग कुठे कमी पडलं, विजेचा वाढीव भार मिळायला काय लागलं, मालमत्ता कराची आकारणी कशी झाली. तिथे जे ऐकायला मिळतं त्यातूनच पुढचं निवेदन तयार होतं.

एक कार्यक्रम मात्र दरवर्षी न चुकता कराच, तो अग्निसुरक्षेचा. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून ‘नमुना ब’ प्रमाणपत्र घेऊन अग्निशमन अधिकाऱ्याकडे द्यायचं असतं. हे अनेक गाळेमालकांना माहीतच नसतं. ज्यांना माहीत आहे त्यांच्यातलेही काही कागद घेतात आणि पंप चालू करून पाहत नाहीत. २८ डिसेंबर २०१७ च्या रात्री, मध्यरात्र उलटल्यावर, लोअर परळच्या कमला मिल आवारात उपाहारगृहाला आग लागली आणि १४ जीव गेले. व्यापारी इमारत चालवणाऱ्या प्रत्येकाने ती घटना स्वतःची समजावी. जुलैच्या आधी एका इमारतीत सगळे सभासद आणि त्यांचे देखभाल कर्मचारी बोलवा. जॉकी पंप, म्हणजे पाइपातला दाब टिकवणारा छोटा पंप, बंद करून दाब उतरवल्यावर मुख्य पंप आपोआप सुरू होतो का ते पाहा, सर्वांत वरच्या मजल्यावर नळीला दाब किती येतो ते मोजा, जिन्यात ठेवलेली खोकी उचलायला लावा. शहराच्या अग्निशमन अधिकाऱ्यांना प्रमुख पाहुणे म्हणून खुर्चीत बसवण्यापेक्षा त्यांना जिन्याने वर घेऊन जा. सरकारी नोकरांना सत्कार आणि भेटवस्तू घेण्यावर वर्तणूक नियमांची बंधनं आहेत, त्यांना अडचणीत टाकू नका. कामाची चर्चा करायला ते आनंदाने येतात, असा माझा अनुभव आहे.

कार्यक्रमांतून आकडेही जमले पाहिजेत. शहरात किती ऑफिस-जागा रिकामी आहे, किती महिने रिकामी राहते, भोगवटा प्रमाणपत्र मिळायला किती दिवस लागतात, हे सरकारकडे नसतं आणि तुमच्याकडे असतं. फक्त भाड्याचे दर एकमेकांना दाखवू नका. प्रत्येकाने आपली माहिती बाहेरच्या सनदी लेखापालाकडे द्यावी आणि त्याने फक्त एकत्रित आकडा संघटनेला द्यावा. म्हणजे वर म्हटलेला धोका टळतो.

आता मदतकार्य. ‘प्रशासन खूश राहील’ म्हणून करायचं असेल तर करूच नका, हे मी अगदी मनापासून सांगतो. निवेदन प्रलंबित असताना त्याच खात्याच्या मंत्र्यांच्या मतदारसंघात रुग्णवाहिका दिली, तर तुमची योग्य मागणीसुद्धा संशयात सापडते. दोन्ही कामांच्या समित्या आणि बँक खाती वेगळी ठेवा. मदतकार्यासाठी स्वतंत्र सार्वजनिक न्यास करा, त्याच्या उत्पन्नाला आणि देणगीदारांना आयकर सवलत मिळवून देणारी नोंदणी करा. मोठ्या सभासद कंपन्यांचा कंपनी कायद्याच्या कलम १३५ खालचा सामाजिक जबाबदारीचा (सीएसआर) निधी घ्यायचा असेल तर एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ नोंदणीही लागते.

कामाची निवड करताना आपल्या साइटच्या पत्र्याच्या कुंपणाच्या आत आधी पाहा. बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठी बांधकाम खर्चाच्या १ टक्का उपकर आपणच भरतो. त्यातून मुलांच्या शिष्यवृत्त्या, बाळंतपण, अपघात यांसाठी मदत मिळते. पण नोंदणीसाठी कामगाराला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि गाडं तिथेच अडतं. मुकादम आज इथे, उद्या तिथे. ठेकेदार सही करायला बिचकतो, उद्या काही देणं अंगावर येईल म्हणून. उन्हात पाटी वाहणारी बाई एकाच इमारतीवर चार महिने काम करते आणि तिच्याकडे एका दिवसाचाही कागद नसतो. संघटनेने ठरवलं तर हे एका हंगामात बदलतं: प्रत्येक सभासदाने ठेकेदाराच्या करारातच ९० दिवसांच्या दाखल्याची अट घालायची, हजेरी साइट ऑफिसात ठेवायची आणि महिन्यातून एक दिवस ऑनलाइन अर्ज भरून देणारा माणूस साइटवर बसवायचा. आधारवरचं नाव आणि बँकेतलं नाव जुळत नाही, हीच सगळ्यात जास्त येणारी अडचण. ती तिथल्या तिथे सोडवता येते. यासाठी लागणारा पैसा इतका थोडा आहे की मला दरवेळी वाईट वाटतं, एवढी वर्षं हे का झालं नाही म्हणून.

मुलांचंही तसंच. ५० पेक्षा जास्त स्त्री कामगार असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली हवी, असं १९९६ च्या कायद्यात लिहिलेलं होतं. पण ४९ बायका असल्या म्हणून त्यांची पोरं वाळूच्या ढिगावर खेळावीत का? मोबाइल क्रेशेस ही संस्था १९६९ पासून बांधकामांवर पाळणाघरं चालवते. १९८८ मध्ये सुरू झालेली डोअर स्टेप स्कूल मुंबई-पुण्यात साइटवरच्या मुलांना शिकवते. त्यांना फार काही लागत नाही: सुरक्षित जागी एक खोली, पंखा, पाणी, शौचालय आणि साइट इंजिनिअरचं सहकार्य. तुमच्या शहरात अशी संस्था नसेल तर जिथे आहे तिथे जाऊन दोन दिवस पाहून या.

रक्तदान शिबिर सगळेच घेतात. तेही चांगलंच आहे, पण तारीख तुम्ही ठरवू नका, रक्तपेढीला विचारा. साठवलेलं रक्त साधारण ३५ ते ४२ दिवसच टिकतं आणि राष्ट्रीय सणांना, नेत्यांच्या वाढदिवसांना एकदम ढीग जमतो. एप्रिल-मेत महाविद्यालयं बंद असतात, लोक गावी जातात, तेव्हा चणचण होते. ऑफिसच्या इमारती मात्र मेमध्येही भरलेल्या असतात, आणि त्या आपल्याच ताब्यात आहेत.

वर्गणीबद्दल तुम्ही विचारलेलं राहिलं. ती बांधलेल्या क्षेत्रफळावर ठेवा, मत मात्र प्रत्येकी एकच. मोठ्या सभासदाच्या पैशावर संघटना चालते आणि निवेदनंही त्याच्याच भूखंडाची होतात, असं पुष्कळ ठिकाणी झालं आहे. दोन गाळे भाड्याने देणाऱ्या माणसाला कार्यकारिणीत किमान एक जागा राखीव ठेवा. ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्या मालकाच्या व्यापारी भाड्यावरचा जीएसटी नोंदणीकृत भाडेकरूने भरायचा आहे. त्यामुळे भाडेकरू करार बदलायला सांगतात आणि या लहान मालकाला तो कोणी समजावून देत नाही. पहिली सकाळची बैठक याच विषयावर घ्या आणि कराराचा सुधारित मसुदा मराठीत छापून हातात द्या.

सेझ किंवा जीएसटी वजावटीसारखे केंद्राचे विषय क्रेडाईसारख्या, बिल्डरांच्या देशव्यापी संघटनेबरोबर न्या. स्थानिक नियमावली, अग्निशमन, मालमत्ता कर आणि भोगवटा प्रमाणपत्र हे मात्र तुमचेच विषय आहेत. विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन नागपूरला डिसेंबरमध्ये असतं. तुमचं पहिलं एकपानी निवेदन सप्टेंबरपर्यंत तयार असेल, तर आमदारांना तारांकित, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या, प्रश्नासाठी ते वेळेत देता येईल.